साच्याशिवाय कुकीज कापायच्या आहेत: सायकल आणि अडकित्ता

सदाशिवकन्या

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हॉल, गुरुजी, जेवण हे सगळं काका लोकांनी आपसांत वाटून घेतलंय आणि पाहुण्यांना जाताना हातात द्यायच्या खाऊचं खातं माझ्याकडे आलंय. साधारण साठ पुड्या लागतील. पेढे नकोत असं आजोबांनीच बजावलंय. "सगळ्यांना शुगर आहे, पेढे कोण खाणार?" मग कुकीज कशा चालतात हे विचारायची माझी हिंमत नाही.

आजोबा म्हटलं की आम्हाला दोन गोष्टी आठवतात. एक त्यांची काळी सायकल, जिच्यावरून ते सदाशिव पेठेतून खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत नोकरीला जात. दुसरा पितळी अडकित्ता. कुकीज याच दोन आकारांच्या करायच्या असं मनात आहे. तुळशीबाग पालथी घातली. बदाम, चांदणी, फुलपाखरू, ख्रिसमसचं झाड, अगदी डायनोसॉरसुद्धा मिळाला. अडकित्ता कुठून मिळणार?

म्हणून सुरीनेच हाताने कापायचं ठरवलंय. कागदाचा नमुना ठेवून कापलं तर कडा स्वच्छ येतात का? भट्टीत पसरून सायकलीची म्हैस तर होणार नाही? अंडं चालणार नाही. घरी २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे, पंखा नसलेला. नानकटाई आणि साधी बटर बिस्किटं नेहमी करते, म्हणजे अगदीच नवखी नाही.

पेठेतला पोपट

ऑनलाइन चित्र पाठवलं की साचा बनवून घरपोच देतात.

सदाशिवकन्या

पोपटराव, धाग्याचं शीर्षक पुन्हा एकदा वाचावं ही विनंती.

कातणकाकू

सदाशिवकन्या, अगं शंकरपाळे आणि करंज्या आपण कुठल्या साच्याने कापतो? कातणं फिरवलं की झालं. सरळ रेघा आणि मोठी वळणं कातण्याने झरझर निघतात, फक्त नक्षीची कड नको असेल तर साध्या चाकाचं घे. बोहरी आळीत बेकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे पिझ्झा कापायचं छोटं चाकही मिळतं. पण सायकलीच्या हँडलपाशी चाक वळणार नाही, तिथे टोकदार सुरीच लागेल.

आणि अडकित्त्याची कल्पना फार आवडली. आजोबांना नमस्कार सांग.

भट्टीवाली

मी घरून कुकीजच्या ऑर्डरी घेते. कंपन्यांचे लोगो, कुणाचा कुत्रा, कुणाची स्कूटर असले आकार हातानेच कापते, कारण वीस-पंचवीस नगांसाठी साचा करून घेणं परवडत नाही. तेव्हा जरा सविस्तर लिहिते. सुरीचं नंतर बघू, आधी चित्राचं बोलू, कारण बहुतेक आकार चित्रातच बिघडलेले असतात.

सायकलीचा फोटो जसाच्या तसा कापायला गेलात तर आरे, पायडल, चेन यातलं काहीही टिकणार नाही. भिंतीवर पडलेली सायकलीची सावली डोळ्यांपुढे आणा आणि त्या सावलीतली सगळी भोकं बुजवून टाका. उरतं ते एवढंच: दोन भरीव गोल, त्यांना जोडणारा भरीव त्रिकोण, वर पुढे हँडलचा ठोंब आणि मागे सीटचा ठोंब. पोराटोरांनाही ती सायकल आहे हे लगेच कळतं. आरे, चेन, घंटी ही कामं आयसिंगची आहेत, सुरीची नाहीत.

एक नियम पाळा. आकाराचा कुठलाही भाग एक सेंटीमीटरपेक्षा अरुंद ठेवू नका. अरुंद भाग कच्चा असताना उचलताना तुटतो, आणि भट्टीत तो आधी भाजून करपतो तोवर मधलं पोट कच्चंच असतं. हँडल तुम्हाला बेढब वाटेल एवढं जाड ठेवा, रंग चढला की ते नीट दिसतं.

आतले कोपरे ही दुसरी अडचण. दोन चाकांच्या मधे खाली जी खाच राहते तिथे सुरी वळवायला जागा नसते आणि पीठ ओढलं जातं. ती खाच उथळ ठेवा आणि तिचा कोपरा गोल करा. जाड स्ट्रॉने त्या कोपऱ्यात आधी गोल छेद द्यायचा आणि मग दोन्ही बाजूंनी सुरी त्या छेदापर्यंत आणून थांबवायची. कोपरा फाटत नाही.

अडकित्ता बंद असलेला काढा. उघड्या अडकित्त्याचे दोन दांडे पुडीत बांधतानाच मोडतील. बंद ठेवला की दांडे एकमेकांना चिकटून एकच जाड दांडा होतो आणि मधली फट सुरीच्या पाठीने नुसती दाबून दाखवता येते. ही रेघ अर्ध्या जाडीइतकी खोल दाबा, कारण भाजताना ती थोडी भरून येते.

माप: सायकल साधारण १० सेंटीमीटर रुंद, साडेसहा उंच. याहून लहान केलीत तर एक सेंटीमीटरचा नियम पाळताच येणार नाही.

लाटणेबहाद्दर

भट्टीवालीताई, प्रतिसाद जपून ठेवतोय. नमुना कशाचा कापता? मी एकदा लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा कापला होता. चार-सहा कुकीज झाल्यावर लोण्याने तो भिजून लुळा पडतो.

भट्टीवाली

कागद किंवा पुठ्ठा पाच-सात नगांपुरता ठीक. साठ नगांसाठी प्लास्टिक हवं. आईस्क्रीमच्या मोठ्या डब्याचं किंवा श्रीखंडाच्या डब्याचं सपाट झाकण घ्या. ते मुळात खाण्याच्या पदार्थासाठीच केलेलं असतं, कात्रीने कापलं जातं, धुता येतं. कडा काचपेपरने गुळगुळीत करून साबणाने धुवून घ्या. आणि उचलता यावं म्हणून नमुन्याच्या मध्यावर घडी घातलेल्या चिकटपट्टीची छोटी मूठ चिकटवा, पिठाला न लागणाऱ्या बाजूने. नाहीतर दर वेळी नखाने उकरत बसाल आणि पिठावर वळ उठतील.

साचेबद्ध

प्रिंटरवर सायकलीचं चित्र छापून तोच कागद पिठावर ठेवला तर? कापायचे कष्ट वाचतील.

भट्टीवाली

नको. छपाईची शाई पिठाला लागता कामा नये. मासिकातली, वर्तमानपत्रातली चित्रंही नकोत. छापील चित्र खाली, त्यावर बटर पेपर आणि बटर पेपरवर पेन्सिलीने गिरवायचं. मग तो कागद उलटा ठेवायचा, म्हणजे पेन्सिलीची बाजू वर राहील आणि पिठाला स्वच्छ बाजू लागेल. उलटा ठेवल्यावर सायकलीचं तोंड दुसरीकडे होतं एवढं लक्षात असू द्या. सायकलीला चालतं, अक्षरं असतील तर पंचाईत.

कातणकाकू

या उलट्या-सुलट्यावर एक जुना उपाय आहे. रांगोळीला आपण भोकं पाडलेला कागद वापरतो ना, तसाच करायचा. बटर पेपरवर आकृती काढून रेघेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची. कागद लाटलेल्या पिठावर ठेवायचा, वरून मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेली कोको पावडर हलकेच आपटायची. कागद उचलला की पिठावर ठिपक्यांची सायकल उमटते. मग नमुना न धरता दोन्ही हात मोकळे ठेवून सुरी चालवता येते. आतल्या रेघा, म्हणजे आरे, सीट, अडकित्त्याची फट, याच कागदातून एकदम उमटतात हा फायदा वेगळा.

आमच्याकडे सूनबाई कुकीजवर नावं याच पद्धतीने घालते. कोको नको असेल तर दालचिनीची बारीक पूड वापर.

भट्टीवाली

काकू, ही युक्ती मी उद्याच उचलतेय! आयसिंगसाठी आतल्या खुणा उमटवायला मी आजवर टूथपिकने टोचत बसायचे.

उपास तापास

पिठाचं प्रमाण कुणी देईल का? अंड्याशिवाय आकार धरणारं पीठ हाच मला वाटतं खरा प्रश्न आहे.

भट्टीवाली

देते. एका घाण्याला मैदा २७० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, लोणी १८० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला किंवा वेलची. पीठ गोळा होत नसेल तर गार दूध एकेक चमचा, जास्तीत जास्त दोन मोठे चमचे. विकतचं मीठवालं बटर असेल तर वेगळं मीठ नको. सगळं वजनाने घ्या, वाटीने नको. दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत मैद्याचा चांगलाच फरक पडतो, आणि आकार टिकतो की नाही ते त्या फरकावरच ठरतं.

बेकिंग पावडर आणि सोडा अजिबात नाही. नानकटाईचं पीठ वापरू नका, ती फुलून भेगाळण्यातच तिची मजा आहे.

लोणी आणि साखर पांढरं-फुलकं होईपर्यंत फेटू नका. केकसाठी आपण फेटून हवा भरतो, इथे तीच हवा भट्टीत फुगते आणि कड वाकडी करते. एकजीव झालं की थांबायचं. घरी दळलेली पिठीसाखर चाळून घ्या, कण राहिला तर तो भट्टीत विरघळतो आणि कुकी पसरते.

घरचं पांढरं लोणी नको, त्यात ताकाचा अंश किती हे दर वेळी वेगळं असतं. तुपाने खुसखुशीत होतात पण सायकलीचं हँडल हातात येतं. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, मैद्याला धरून ठेवायला काही राहत नाही. कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटासारखी तोंडात विरघळणारी कुकी हवी असेल तर गोलच करा, अडकित्ता विसरा.

पेठेतला पोपट

श्रूजबेरीचं नाव काढलंत, आता दुपारचा चहा कोरडा जाणार नाही. बाकी चालू द्या.

लाटणेबहाद्दर

माझा प्रश्न जाडीचा. लाटण्याने मधे जाड, कडेला पातळ होतं. मी दोन लाकडी फूटपट्ट्या पिठाच्या दोन बाजूंना ठेवतो आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवतो. फूटपट्टीच्या जाडीएवढंच पीठ राहतं. पट्ट्या पातळ वाटल्या तर दोन एकावर एक चिकटवायच्या. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळतात, वेगळ्या जाड्यांच्या बघून घ्याव्यात. ५ मिलिमीटर ठीक आहे का?

भट्टीवाली

५ अगदी योग्य. ३ ठेवलीत तर हँडल मोडतं, ८ ठेवलीत तर कड भट्टीत बाहेर झुकते. आणि लाटायचं दोन बटर पेपरच्या मधे. पोळपाटावर मैदा भुरभुरवत लाटलं तर कोरडा मैदा पिठात शिरत राहतो आणि शेवटचा घाणा वातड होतो. पहिल्यांदा मऊ असतानाच लाटायचं, मग कागदासकट ताटावर ठेवून फ्रिजमध्ये. गार गोळा बाहेर काढून लाटायला बसलं तर कडेला चिरा पडतात आणि दंड भरून येतात.

सदाशिवकन्या

थांबा थांबा, म्हणजे लाटून मग गार करायचं? मी नेहमी गोळा गार करून लाटते.

भट्टीवाली

हो, लाटून मग गार. हाताने कापायचं असेल तर सगळं यावरच आहे. साचा एका दाबात कापतो, त्यामुळे मऊ पीठही चालून जातं. सुरी मात्र कडेकडेने जाते आणि पीठ मऊ असेल तर ते तिच्याबरोबर ओढलं जातं. लाटलेली पोळी फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास, म्हणजे उचलल्यावर पुठ्ठ्यासारखी ताठ राहिली पाहिजे.

आता कापणं. वरचा बटर पेपर काढा, पण खालचा तसाच ठेवा, त्याच कागदासकट ट्रेवर जायचं आहे. सुरी उभी धरा, पेनासारखी तिरकी नाही. तिरकी धरलीत तर कड तिरपी येते आणि भाजल्यावर एका बाजूला बसते. सुरी ओढायची नाही. टोक खाली रोवायचं, पातं दाबायचं, उचलायचं, पुढे सरकायचं. नवीन माणसाला हे फार हळू वाटतं पण कड आरशासारखी येते. दर दोन-तीन कापांनंतर पातं ओल्या फडक्याने पुसा, चिकटलेलं लोणी पुढची कड खराब करतं.

क्रम: आधी बाहेर आलेली टोकं मोकळी करा, म्हणजे हँडल, सीट, चाकांच्या बाहेरच्या कडा, आणि खाचा शेवटी. कोपऱ्यात काप संपवताना सुरी किंचित पुढे गेली तर ती नको असलेल्या पिठात जाऊ द्या, आकारात नाही.

आणि कापलेला आकार उचलूच नका. आजूबाजूचं पीठ सुरीच्या टोकाने सोडवून काढा, सायकल जागच्या जागी राहू दे. उचलली की ताणली जाते, हे आकार बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. म्हणजेच कापतानाच दोन सायकलींत बोटभर जागा सोडायची. कापून उरलेलं पीठ पुन्हा लाटता येतं पण एकदाच. दर लाटण्यात मैदा जास्त चिवट होतो आणि भट्टीत आखडतो, त्यामुळे दुसऱ्यांदा लाटलेल्यातून गोल किंवा चौकोन कापा, सायकली नकोत.

डॉक्टरीणबाई

सुरीबद्दल: औषधाच्या दुकानात ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड मिळतं, टोकदार आणि सरळ धारेचं. पाकिटात निर्जंतुक असतं, मुठीला लावून वापरायचं. बारीक कोपऱ्यांना त्याला तोड नाही. पण धार भयंकर असते. घरात लहान मुलं मदतीला बसणार असतील तर आणूच नका. काम झाल्यावर जाड डब्यात बंद करून टाका, कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात.

स्टेशनरीचं सरकवायचं कटर मात्र वापरू नका. त्याची पाती गंजू नये म्हणून तेलकट केलेली असतात आणि ती तुकड्यातुकड्यांत मोडण्यासाठीच बनवलेली असतात. एखादं टोक पिठात मोडून राहिलं तर काय होईल ते सांगायला नको.

साचेबद्ध

घरगुती साचाही करता येतो. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी काढायची आणि पकडीने वाकवायची.

डॉक्टरीणबाई

वर लिहिलेलं पुन्हा वाचा आणि मग पत्र्याच्या कडेवरून एकदा लांबूनच नजर फिरवा.

लाटणेबहाद्दर

पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियम फॉइल सात-आठ घड्या घालून पट्टी करावी, धार बोथट असते. पण तिची सायकल करायला बसलो तर सुरीने निम्म्या कुकीज कापून झाल्या असत्या.

साचेबद्ध, तुमच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे ना? त्यावर बोला की.

साचेबद्ध

आहे, पण मुद्दाम गप्प होतो, ताईंना हाताने करायचंय म्हणून. विचारलंत म्हणून सांगतो. प्रिंट केलेल्या साच्याला थरांच्या रेघा असतात, त्यात पीठ अडकतं आणि नीट धुतलं जात नाही. नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे कढत पाण्यानेही धुता येत नाही. म्हणून पिठावर क्लिंग फिल्म (अन्नावर गुंडाळायचं पातळ प्लास्टिक) पसरून तिच्यावरून साचा दाबायचा. पिठाला प्लास्टिक लागत नाही आणि वरची कड छान गोलसर येते. ही क्लिंग फिल्मची युक्ती वाटीने गोल कापतानाही चालते.

सदाशिवकन्या

सगळ्यांचे खूप आभार. आता पोटात गोळा आणणारा प्रश्न. साठ सायकली हाताने कापायला किती वेळ लागेल? आणि सध्या पुण्यात जे ऊन तापतंय त्यात पीठ ताठ राहणार कसं?

लाटणेबहाद्दर

हिशेब करून देतो. एका सायकलीला अडीच मिनिटं धरा, साठला अडीच तास, सलग, मान खाली घालून. २८ लिटरच्या ट्रेवर या मापाच्या आठ-नऊ बसतील, म्हणजे सात ट्रे. दर ट्रेला पंधरा मिनिटं, मधे बदलाबदली. भट्टीपाशी दोन तासांहून जास्त. अडकित्ते वेगळे. एका दिवसात करायला जाऊ नका.

भट्टीवाली

मी ग्राहकांना जे सांगते तेच सांगते. साठ सायकली करूच नका. वीस करा. बाकीच्या चाळीस पुड्यांत चाकं द्या! सहा सेंटीमीटरची वाटी किंवा डब्याचं झाकण घेऊन गोल कापायचे, वर आयसिंगने आरे काढायचे, मधे एक चांदीची गोळी. आजोबांच्या जवळच्यांना सायकल, बाकीच्यांना चाक. अडकित्ते तर फक्त आजोबांच्या मित्रमंडळींपुरते. पंधरा मिनिटांत चाळीस गोल कापून होतात.

दुसरं, सायकल काळी आहे म्हणता ना? मग रंग लावत बसू नका, पीठच काळं करा. २७० ग्रॅम मैद्यातला ३० ग्रॅम काढून तेवढीच कोको पावडर घाला. मात्र कोकोच्या पिठात लालसरपणा दिसत नाही, त्यामुळे भाजलं की नाही ते रंगावरून कळणार नाही. कडेला बोट लावून बघायचं, कड घट्ट आणि मधला भाग किंचित मऊ लागला की काढायचं. ट्रेवर गार होताना तो घट्ट होतो.

पीठ किती लागेल? अडकित्ते धरून तीन घाणे करा, उरलं तर पोरं आहेतच.

उन्हाचं म्हणाल तर लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं आणि मे महिन्यात दुपारी आपलं स्वयंपाकघर तिथेच असतं. पहाटे उठून कापा. एका वेळी एकच पोळी फ्रिजमधून बाहेर, बाकीच्या आत. स्टीलचं मोठं ताट फ्रीजरमध्ये ठेवून त्यावर बटर पेपर ठेवून कापलं तर पीठ दहा-बारा मिनिटं जास्त तग धरतं. जुन्या घरातला कडप्प्याचा ओटा असेल तर त्याच्यावर काम करा. सुरीला पीठ चिकटायला लागलं की हट्ट न करता पोळी परत आत.

कापून झाल्यावर ट्रेसकट फ्रीजरमध्ये वीस मिनिटं. ओटीजी तोपर्यंत १७० अंशांवर तापलेला असला पाहिजे, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. थंडगार कुकी तापलेल्या भट्टीत गेली की लोणी वितळायच्या आत मैदा कड धरतो. अर्धवट तापलेल्या भट्टीत गेली तर आधी लोणी वाहतं आणि मग तुमची ती म्हैस होते. १२ ते १५ मिनिटं, मधे एकदा ट्रे फिरवा. एका ट्रेवर एकाच मापाचे आकार ठेवा, सायकलीशेजारी चाक ठेवलंत तर चाक आधी करपेल.

कर्वेनगरी

इतकं करूनही थोडं पसरलंच तर?

भट्टीवाली

बाहेर काढल्या काढल्या कुकी मऊ असते. त्याच क्षणी प्लास्टिकचा नमुना वर ठेवून सुरीने कड छाटायची, किंवा नुसती सपाट उलथण्याने आत ढकलायची. एक-दोन मिनिटांत हे जमलं तर जमलं, नंतर ती मोडेल. गार झाल्यावर उरलेला खडबडीतपणा जायफळाच्या बारीक किसणीने घासून काढा. हलक्या हाताने, कुकी तळहातावर धरून.

मेंदीचा कोन

आयसिंगच्या आऱ्यांबद्दल मी बोलते, कारण माझं पोटच कोनावर आहे. नोझल विकत आणू नका. बटर पेपरचा कोन मेंदीच्या कोनासारखाच वळायचा, टोक केसाएवढं कापायचं. पिठीसाखर दोनदा चाळा, एक कण टोकात अडकला की हात थांबतो आणि रेघ लटपटते. अंड्याशिवाय म्हणून साखरेत दूध थेंब-थेंब घाला, थोडा लिंबाचा रस. चमच्यातून खाली सोडलेली रेघ वाटीत दहा-पंधरा सेकंदांत मिटली तर ते भरायला, त्याहून जास्त वेळ टिकली तर रेघा काढायला.

कोन कुकीला टेकवून ओढू नका. टोक टेकवायचं, दाबायचं, उचलून हवेत रेघ लांबवायची आणि जिथे संपवायची तिथे खाली ठेवायची. आरे आपोआप सरळ येतात. मध्यापासून सुरू करून कडेला संपवा, उलट केलं तर मध्यावर साखरेचा ढीग होतो. आणि समोरासमोरचे आरे आधी काढा, बारा वाजता आणि सहा वाजता, मग तीन आणि नऊ, मग मधले. कडेने एकापाठोपाठ एक काढत गेलात तर शेवटच्या आऱ्याला जागा उरत नाही.

सुकायला पंख्याखाली सहा-आठ तास तरी द्या. तोवर एकावर एक रचू नका.

सदाशिवकन्या

चाकांची कल्पना आईला वाचून दाखवली, ती म्हणाली सायकली दहाच कर. मी वीसवर ठाम आहे. काळं पीठ नक्की. अडकित्त्यांसाठी पितळी रंग कसा आणावा?

कातणकाकू

कशाला रंग? वेलचीच्या साध्या पिठाचे भाजून सोनेरी झाले की पितळीच दिसतात. वरून थोडं केशराचं दूध कुंचल्याने फिरव, पण भट्टीत घालायच्या आधी. खायला देताना सुपारीऐवजी एक भाजलेला बदाम पुडीत टाक.

जून म्हणजे पाऊस सुरू झाला असेल. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भर, पुड्या आदल्या रात्री बांध, आठवडाभर आधी नको. सादळलेल्या सायकली कोण खाणार!

उपास तापास

मैद्याऐवजी कणीक किंवा ज्वारीचं पीठ घेता येईल का? शुगरवाल्यांसाठी विचारतेय.

भट्टीवाली

कणकेने आकार उलट जास्त चांगला धरतो, फक्त ती दूध जास्त पिते आणि कुकी कडक होते. अर्धी कणीक, अर्धा मैदा घ्या आणि पीठ मळल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवा. ज्वारीत किंवा नाचणीत चिकटपणा नसतो, नुसत्या त्या पिठाची सायकल कापताना भुगा होईल. पावपट नाचणी आणि बाकी कणीक-मैदा इथवर जातं, त्याहून जास्त घातलंत तर चाकंच कापा. साखर मात्र कमी करू नका असं नाही, १२० ची ९० केलीत तरी आकाराला धक्का लागत नाही, फक्त रंग थोडा फिका येतो. शुगरचं म्हणाल तर लोणी आणि आयसिंग आहेच, नाचणी घालून त्याचं औषध होत नाही.